मी चष्मेवाल्यांचा व्ह्यूफाइंडर

आधी एक गैरसमज काढून टाकतो. मी कॅमेरा नाही. रोलच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो भाग असतो, ज्याला डोळा लावून फोटोग्राफर बघतो, तो व्ह्यूफाइंडर मी. बहुतेक कॅमेऱ्यांचं हे डोकं कायमचं बसवलेलं असतं. काही मोठ्या कॅमेऱ्यांचं मात्र खटका दाबला की निघतं आणि त्या जागी दुसरं बसवता येतं. मी असा सुटा निघणारा आहे. अंगानं बोजड आणि स्वभावानं थोडा तिरसट. पंचवीस-तीस वर्षं बिस्किटाच्या डब्यात पडून काढली असती, तर तुम्हीही तिरसट झाला असता.

माझा जन्म जपानातला. एकाच कॅमेऱ्यासाठी कारखान्यात दोन डोकी तयार झाली, एक साधं आणि दुसरा मी. साध्या डोक्यातून चित्र मोठं दिसतं, पण डोळा अगदी चिकटवावा लागतो. माझ्यातून चित्र लहान दिसतं, पण डोळा तीन बोटं लांब असला तरी चौकटीचे चारी कोपरे एका नजरेत येतात. ज्यानं मला घडवलं त्याला ठाऊक होतं की जगात चष्मा लावणारी माणसंही फोटो काढतात. सोलापूरला हे कुणी कळवलंच नाही.

सोलापुरात मला रावजींनी आणलं. नव्या पेठेत त्यांचा स्टुडिओ होता आणि गावोगावच्या कुस्त्यांचे फोटो काढण्यात त्यांचं नाव होतं. खेळाचे फोटो काढणाऱ्यांना मी फार उपयोगी, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला कॅमेऱ्यावर बसवलं, डोळा लावला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय ओ, पैलवान चिमणीएवढा दिसालाय!"

झालं. रावजींची नजर इतकी तेज की साठीतही सुईत दोरा एका झटक्यात ओवायचे. त्यांना माझी काय गरज? जुने स्क्रू, वाळलेलं फेल्ट आणि एक फुटका फ्लॅश यांच्या संगतीत मी बिस्किटाच्या डब्यात जाऊन पडलो.

डब्यात दिसत काही नाही, पण ऐकू येतं. सत्त्याण्णव साली एक तरुण आवाज दुकानात आला. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता, राहायला मोहोळला. रावजींनी त्याला आमचा कॅमेरा साध्या डोक्यासकट विकला. पोरानं दोनदा विचारलं, "आणखी काय न्हाय ना ह्याच्यासोबत?"

"एवढंच," रावजी म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, मला साफ विसरले होते. मी आतून ओरडायचं म्हटलं तरी कशानं ओरडणार?

कॅमेऱ्याचं धड मोहोळला गेलं आणि मी डब्यात राहिलो. पुढं रावजी वारले. त्यांच्या मुलानं दुकान आवरताना सगळं किडूकमिडूक एका पोत्यात भरलं आणि प्रभुलिंगअण्णांच्या दारात आणून टाकलं. अण्णा म्हणजे सोलापुरात अजूनही रोलचे कॅमेरे उघडून नीट करणारा एकटा माणूस. पोट भरतं मोबाईलच्या काचा बदलण्यावर, पण जीव अडकलाय कॅमेऱ्यात. त्यांनी मला डब्यातून काढलं, काचेवर तोंडाची वाफ सोडली, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि उजेडाकडं धरलं.

"हे कुणाचं टोपडं हाय काय की," असं म्हणून त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. तेव्हापासून दुकानात माझं नाव टोपडं. मान नाही, पण निदान उजेड होता.

अलीकडं पोरापोरींना रोलवर फोटो काढायची हौस आलीय. ती दुकानात यायची, मला वर्तमानपत्रावर ठेवून आत डोकवायची आणि म्हणायची, "ई, किती लहान दिसतंय!" प्रत्येकाला मोठं दिसायला हवं. पूर्ण दिसतंय का, हे एकानंही विचारलं नाही. मी रागावून रागावून शेवटी रागवायचंही सोडून दिलं.

आणि मग गेल्या डिसेंबरात जोतीराम आला.

पंचावन्नच्या पुढचा गडी, खांद्याला झोळी, आणि चष्म्याच्या काचा इतक्या जाड की फ्रेमच्या बाहेर डोकावत होत्या. आवाज ओळखीचा वाटला, पण नक्की आठवेना. स्टुलावर बसायच्या आधीच तो म्हणाला, "अण्णा, मला चष्म्यातनं चारी कोपरे दिसतील असा कॅमेरा पायजे. रोलचाच."

"बसा की ओ. पाणी घ्या आधी."

"पाणी ऱ्हाऊ द्या. कॅमेरे काढा."

अण्णांनी चार कॅमेरे काउंटरवर मांडले. त्यांची तपासायची रीत साधी. जमिनीवर खडूनं एक रेघ ओढलेली. तिथं उभं राहिलं की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर चौकटीत बरोबर मावतं. "चष्मा काढायचा नाही, मान हलवायची नाही. कॅलेंडरचे चारी कोपरे एकदम दिसालेत का तेवढं सांगा."

पहिल्या कॅमेऱ्यात जोतीरामला डावे दोन कोपरे दिसले, उजवीकडं काळोख. दुसऱ्यात नुसता मधला देव दिसला, तारखा गायब. तिसऱ्यात तीन कोपरे दिसले, पण त्यासाठी त्यानं चष्मा इतका दाबला की काच कॅमेऱ्याच्या कडेवर कर्रकन घासली. त्याच्या उजव्या काचेवर असे ओरखडे आधीच पुष्कळ होते.

चौथ्याला अण्णांनी डोळ्याच्या जागी नंबरची बारीक काच लावली. "आता चष्मा काढून बघा. चष्म्याचा नंबर ह्यातच हाय असं समजा."

"ते करून बसलोय, अण्णा," जोतीराम हसला. "एक तर माझ्या नंबरात तिरपा नंबर पण हाय, तो ह्या काचेत बसत न्हाय. आणि चष्मा काढला की मला कॅमेऱ्याच्या भायेरचं जग दिसत न्हाय. पुतण्याच्या बारशाला चष्मा खिशात ठेवून फोटो काढाय गेलो, तर दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीला म्हणत हुतो, मामी, जरा आत सरका. पाच मिनिटं म्हणत हुतो! समदं घर हसून लोळलं."

अण्णाही हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पण एवढी घाई कशाची ओ? इतकी वर्षं काढलेच की फोटो."

जोतीरामचं हसू उतरलं. त्यानं झोळीतून एक पाकीट काढलं आणि फोटो काउंटरवर पसरले. लग्नं, बारशी, जावळं, शेतातली जेवणं. कुठं कडेला उगाच एक बादली आलीय, कुठं शेळीचं ढुंगण. त्याला कडा दिसतच नव्हत्या, तो तरी काय करणार? आणि प्रत्येक फोटोत एका टोकाला अर्धी बाई. कधी नुसता खांदा आणि पदर, कधी एक हात, कधी निम्मा चेहरा.

"ही आमची आई, बजाबाई," तो म्हणाला. "कायम कडंला हुबी ऱ्हाती. कितीबी सांगा, मधी येत न्हाय. आणि मला कड दिसत न्हाय. आधी डावीकडं डोळा फिरवून बघतो, मग उजवीकडं, तवर हातातला कॅमेरा हललेला असतो. ती आत असावी म्हणून मी मागं मागं सरकतो, तरीबी शेवटी ती कापलीच जाती. वडील गेले तवा भिंतीवर लावायला त्यांचा चांगला फोटो हुता, मीच काढलेला. आईचं आता ऐंशीवं सरलं. तिचा एक पुरा फोटो न्हाय माझ्याजवळ. आधार कार्डावरचा हाय, पण ती म्हणती, त्यो माजा न्हाय, दुसऱ्याच कुनाचा तरी हाय."

"मोबाईलवर काढा की मग. पडद्यावर सगळं दिसतंय."

"पूनम, माझी पोरगी, काढते की. मोबाईल पुढं आला की म्हातारी तोंडाला पदर लावती. आणि एकदा काढले हुते, ते मोबाईल बिघडला तवा गेले. न्हाय अण्णा, तिला इतकी वर्षं मी कापली. आता धड काढायची पण मीच. जानेवारीत हुरड्याला समदी शेतात जमत्यात. तवर कायतरी करा."

असं म्हणून त्यानं झोळीतून स्वतःचा कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. "ह्याच्यासारखा पायजे. हाताला ह्याचीच सवय हाय."

ते माझं धड होतं! कातडं झिजलेलं, एका कोपऱ्याला पोचा आलेला, पण तेच. सत्त्याण्णव सालचा आवाज कुणाचा होता, ते आता मला आठवलं.

अण्णांनी कॅमेरा उचलला, फिरवला, आणि त्यांचा अंगठा मागच्या बारीक खटक्यावर थबकला. "अय्यो! ह्याचं डोकं निघतंय की ओ!"

"निघतंय?" जोतीरामला खरंच वाटेना. "तीस वर्षं वापरतोय मी!"

"खटका दाबून बघितलाव का कधी?"

"मोडंल म्हणून हातच लावला न्हाय तिथं."

वर्कशॉपात रेल्वेचे डबे खोलून जोडणारा हा माणूस, घरच्या कॅमेऱ्याला मात्र इतका जपायचा की त्याचं एक बटण त्यानं जन्मभर दाबलं नाही. रावजी मला विसरले, यानं खटका दाबला नाही, आणि तिकडं मोहोळला म्हातारी दरवर्षी अर्धी होत गेली. मला हसावं की रडावं कळेना.

अण्णा कपाटाकडं वळले. मला उचलून त्यांनी दोन खाचांमध्ये सरकवलं. कट्ट. इतक्या वर्षांनी माझ्या खाली धड होतं आणि समोर भिंगातून येणारा उजेड होता. जोतीराम खडूच्या रेघेवर उभा राहिला, चष्मा न काढता, न दाबता.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. मग हळूच म्हणाला, "लहान दिसतंय."

मनात म्हटलं, गेलं! हाही तसलाच.

"पण समदं दिसतंय, अण्णा. चारी कोपरे. खालचा छापखान्याचा पत्तासुदिक दिसतोय." आणि तो काउंटरला टेकून लहान पोरासारखा हसत सुटला.

मोहोळला जाताना मी आणि धड झोळीत पोटभर बोललो. इतक्या वर्षांच्या गोष्टी त्यानंच मला सांगितल्या. साध्या डोक्याचं त्याला वाईट वाटत होतं, मला नाही. त्या डोक्याला एका डब्यात ठेवलं होतं, पण जोतीरामनं डब्यावर कागद चिकटवून त्यावर ठळक नाव लिहिलं होतं. माझ्यावर तेवढी मेहेरबानी कुणी केली नव्हती.

जानेवारीचा दुसरा रविवार. शेतात ज्वारी हुरड्याला आलेली, आगटी पेटलेली, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. जोतीरामचा धाकटा भाऊ बिभीषण कणसं भाजत होता आणि हात पोळले की आगटीलाच शिव्या देत होता. सगळी मिळून तेवीस माणसं. जेवणं झाल्यावर जोतीरामनं हाळी दिली, "चला, हुबं ऱ्हावा समदी!"

"बादली आणा रं," बिभीषण म्हणाला. "दादाच्या फोटूत बादली न्हाय असं झालंय कधी?"

दोन ओळी झाल्या. बजाबाई सवयीप्रमाणं डाव्या टोकाला. सुना म्हणाल्या, "मधी या की अत्याबाई." नातवंडांनी हात धरून ओढलं. ती आपली, "हितंच बरं हाय," म्हणून पदर सावरत उभी. मी तेव्हा पहिल्यांदा तिला पूर्ण पाहिलं. ठेंगणी, काटक, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा लावलेली.

जोतीराम एका जागी पाय रोवून उभा होता. माझ्यातून त्याला डाव्या कडेला आई दिसत होती, चपलांसकट, आणि तिच्या पलीकडं वीतभर मोकळी जागा. उजवीकडं खरंच एक बादली आली होती. "पूनम, ती बादली काढ गं!" तो ओरडला, आणि सगळे आ करून एकमेकांकडं बघायला लागले. दादाला बादली दिसली!

"हं, बघा हिकडं. तयार?"

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो आणि माझ्यापुढं अंधार होतो. फोटो निघतो त्या क्षणी ना मला दिसतं, ना फोटोग्राफरला. अंधार झाला, लगेच उजेड आला, सगळे पांगले. जोतीरामनं कॅमेरा छातीशी धरला. त्याला वाटलं काम फत्ते, मलाही तसंच वाटलं.

रोल धुवायला पुण्याला गेला. बारा दिवसांनी पाकीट आलं. मी खुंटीला होतो. जोतीरामनं पाकिटातून फोटो बाहेर काढला आणि खिडकीशी नेला. कडा स्वच्छ. बजाबाई डोक्यापासून पायापर्यंत पुरी. फक्त बाकीची एकवीस माणसं समोर बघत होती आणि ती एकटी खाली जमिनीकडं बघत होती. चेहरा धड दिसतच नव्हता.

जोतीराम चिडला. इतकं चिडलेलं मी त्याला पाहिलं नव्हतं. कॅमेरा खुंटीवरून ओढून, फोटो हातात घेऊन तो अंगणात गेला. बजाबाई सुपात ज्वारी पाखडत होती.

"आये, किती खटपट केली मी ह्या एका फोटोसाठी! आणि तू खाली बघतीस? काय सांडलं हुतं तितं?"

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, निरखून बघितला. "तुज्या पायाकडं बघत हुते."

"माझ्या पायाकडं? का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "बिभीषणचं लगीन आठवतंय का? हितंच वस्तीवर मांडव हुता. तू समद्यास्नी हुबं केलंस आणि डोळा त्या डब्यात घालून मागं मागं सरकत हुतास. मागं हीर. कठडा न्हाय, काय न्हाय. एका पावलावर आला हुतास. मी वरडले असते तर दचकून गेला असतास आत. म्हणून म्हणलं, आरं जोत्या, हिकडं ये, तुजा फेटा सुटलाय."

जोतीरामला आठवलं होतं. "फेटा सुटलाच नव्हता," तो म्हणाला. "मी तुझ्यावर खेकसलो हुतो."

"व्हय. म्हणलास, फोटूच्या येळंला मधी मधी बोलू नगंस. समद्या पावण्यांम्होरं." ती हे सांगताना हसत होती. "तवापास्नं मी कडंलाच हुबी ऱ्हाते. मधी हुबं ऱ्हायलं तर म्होरल्यांच्या डोक्याआडनं तुजं पाय दिसत न्हाईत."

"मग सांगायचंस की गं! एवढी वर्षं!"

"सांगितलं असतं तर तू फोटू काढायचंच सोडला असतास. लई जीव हाय तुजा त्याच्यात, मला म्हायती न्हाय व्हय?"

जोतीराम तिथंच रडला, अगदी मोठ्यानं. चष्मा काढायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही, काचा आतून भिजल्या. कडेला ती उभी राहायची याच्यासाठी, आणि कापायचा तिला हाच. मला माझ्या डब्यातल्या वर्षांचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी वेळेवर मोहोळला आलो असतो तर या बाईला एवढं जपावं लागलं नसतं.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. "बघ ह्यातनं. चष्मा काढू नगंस."

बजाबाईनं मला डोळा लावला. "अगं बया! दाराची चौकट समदी दिसती की!" मग कॅमेरा खाली करून तिनं लेकाकडं बघितलं. "मंजी एवढी वर्षं तुला हे दिसतच न्हवतं व्हय रं?"

"न्हवतं, आये. आता दिसतंय. आता मागं सरकायचं काम न्हाय. बस तितं पायरीवर."

ती बसली. पदर नीट केला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि हिची नजर पुन्हा हळूहळू खाली, त्याच्या पायांकडं. इतक्या वर्षांची सवय सांगून थोडीच जाते? जोतीरामनं दोन क्षण वाट पाहिली. मग त्यानं सरळ अंगणात, मातीतच बसकण मारली आणि मांडी घातली.

"घे. आता कुटं जाणार हाय मी?"

बजाबाई खळखळून हसली आणि वर बघितलं. सरळ भिंगात, सरळ माझ्याकडं. जोतीरामनं बटण दाबलं.

तो रोल अजून कॅमेऱ्यातच आहे, दहा-अकरा फोटो शिल्लक आहेत. मी मजेत आहे. तुम्ही चष्मा लावत असाल आणि कॅमेरा घ्यायला निघाला असाल, तर तेवढं माझं ऐका. चष्म्यासकट डोळा लावा, मान हलवू नका, आणि चारी कोपरे दिसेपर्यंत दुकानदाराला सोडू नका. लहान दिसतंय म्हणून आमच्यासारख्याला परत ठेवू नका. चला, जोतीरामनं खुंटीवरून पट्टा काढलाय, कुठल्याशा बारशाला जायचंय. आणि ती बघा, बजाबाई दारातून ओरडतेय, "बसून काढ रं, जोत्या!"